‘एआयचा कायदाच नाही, मग नोकरी कसली?’ या मेसेजला उत्तर

“एआय पॉलिसी, डिजिटल इकॉनॉमी यांच्या नादी मुलांना लावू नका. भारतात एआयचा कायदाच नाही, म्हणून नोकऱ्याही नाहीत. आहे ते आयआयटीवाल्यांचं. खरं काम ब्रसेल्सला चालतं आणि तिथे मराठी पोरांना कोण विचारतो?” पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज परवा माझ्या बहिणीने पाठवला. तिची मुलगी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि तिला एआय पॉलिसीतच, म्हणजे एआय कसं वापरायचं याचे नियम ठरवण्याच्या कामात, जायचं आहे. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

कायदा नाही, हे अर्धंच खरं. फक्त एआयसाठी असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने जानेवारी 2019 मध्येच परिपत्रक काढलं आणि शेअर दलालांना एआय व मशीन लर्निंगच्या (माहितीवरून यंत्राने स्वतः शिकण्याच्या तंत्राच्या) वापराची माहिती द्यायला लावली. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्ये वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी समिती नेमली, तिचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जातो.

याचा रोजच्या कामाशी संबंध कसा? समजा, एखाद्या दुकानदाराचा कर्जाचा अर्ज सॉफ्टवेअरने नाकारला. तो शाखेत येऊन विचारतो, का? मॉडेलला, म्हणजे निर्णय देणाऱ्या त्या प्रोग्रॅमला, कोणती माहिती पुरवली होती, विशिष्ट पिनकोडचे अर्ज जास्त नाकारले जातात का, ते कोण तपासतं, चूक निघाली तर दाद कुणाकडे मागायची, हे सगळं आधी ठरवून लिहिलेलं नसेल तर शाखेतला माणूस “सिस्टिममध्ये होत नाही” एवढंच म्हणू शकतो. ते ठरवणं आणि लिहिणं हेच आमचं काम. ‘सिस्टिम’ हे उत्तर ऐकून माणूस मुकाट्याने परत जातो, याचा मला अजूनही राग येतो.

आणि नियम किती वेगाने बदलतात ते पाहा. 1 मार्च 2024 ला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचना काढली की पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेल्स लोकांना खुली करण्याआधी सरकारची परवानगी घ्या. 15 मार्चला नवी सूचना आली आणि परवानगीची अट गेली. असा मजकूर शब्दन् शब्द वाचून कंपनीला किंवा ग्राहक संघटनेला त्याचा अर्थ सांगणारं माणूस लागतंच.

“आयआयटीवाल्यांचं काम.” रिझर्व्ह बँकेच्या त्या समितीचे अध्यक्ष पुष्पक भट्टाचार्य हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, हे मान्य. तंत्र समजल्याशिवाय इथे निभाव लागत नाही. पण डेटा संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा 2018 मध्ये ज्या समितीने दिला, तिचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईचे. ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्सने 2011 मध्ये फेसबुकविरुद्ध तक्रार केली तेव्हा तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्याच 2013 च्या तक्रारीवरून 2015 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने अमेरिकेला डेटा पाठवण्याची ‘सेफ हार्बर’ नावाची व्यवस्थाच रद्द ठरवली.

ब्रसेल्सचं, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाचं म्हणाल तर संघाचा एआय कायदा ऑगस्ट 2024 पासून टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे आणि तिथे एआय असलेला माल विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही तो लागू होतो. हिंजवडीत बसून युरोपला एआयचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही तो वाचावाच लागेल. सेबी आणि रिझर्व्ह बँक तर मुंबईतच आहेत.

मराठी पोरांना कोण विचारतो, हे वाक्य मला सगळ्यात लागलं. राज्य सरकारने जून 2025 मध्ये शेतीत एआय वापरण्याचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. शेतकऱ्याला फोनवर फवारणीचा सल्ला मिळाला, तो चुकला आणि कापूस गेला, तर भरपाई कुणी द्यायची? वऱ्हाडीत विचारलेला प्रश्न यंत्राला नीट कळला का, हे कोण तपासणार? मराठी आणि शेती दोन्ही जाणणारा माणूस इथे नसेल तर हे प्रश्न बैठकीत निघणारच नाहीत.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र पालकांनी ऐकावी. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्यांइतका नसतो, आणि नुसत्या सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कुणी दारात उभं करत नाही. लिहिलेलं काम दाखवावं लागतं. म्हणून भाचीला सेबीचं ते 2019 चं परिपत्रक दिलंय. त्यात काय विचारायचं राहून गेलं, ते एका पानात, मराठीत लिहून ती रविवारी आणणार आहे.