सगळेच सही करतात

लेखकमित्रांनो, गोष्टी विकत घेणाऱ्या कंपनीचा करार आला की तो वाचायचा नाही. वाचलं की शंका येतात, आणि शंका विचारणाऱ्या लेखकाला पुढचं काम येत नाही. माझी पद्धत सांगते. ठाण्याहून वाशी लोकल पकडली, ऐरोलीला पीडीएफ उघडली, १९ पानं अंगठ्याने सरकवली आणि घणसोली यायच्या आत ओटीपी टाकून सही करून मोकळी झाले. खिडकीची जागा होती, वारा छान येत होता.

त्याचं फळ परवा मिळालं. कळव्याच्या आत्याने व्हॉट्सॲपवर एका ऑडिओ ॲपची लिंक पाठवली. खाली मेसेज: "किती छान गोष्ट आहे! तूही असं काहीतरी लिहीत जा गं." ऐकली. गोष्ट माझीच. आजीचा अडकित्तासुद्धा जागच्या जागी. शेवटी निवेदकाचं नाव, संगीतकाराचं नाव, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव. लेखन: 'कंटेंट टीम'.

म्हणून नावाचा हट्ट धरू नये. टीममध्ये आपण येतोच की.

दराची घासाघीसही नको. शब्दाला ६० पैसे, म्हणजे ३,००० शब्दांच्या गोष्टीचे १,८०० रुपये. अशा ३० गोष्टी दिल्या. पैसे 'प्रकाशनानंतर ९० दिवसांनी'. प्रकाशन कधी, हे विचारणं उद्धटपणाचं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असेल तर कायद्याने ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासकट, वगैरे ऐकून माहीत असलं तरी बोलून दाखवू नये. अकाउंटवाल्यांना वाईट वाटतं.

आता करारातलं कलम ७, गोष्टीचे हक्क कंपनीला देणारं. हे डोळे मिटून पुढे सरकवावं. 'समस्त विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत.' मंगळावर कुणी मराठी गोष्ट ऐकली तर त्याचेही पैसे कंपनीच्या महापेच्या ऑफिसात जमा होणार. मला हसू आलं होतं. पण हे लिहिणारा कंपनीचा वकील काही वेडा नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा त्याने वाचलाय, आपण वाचलेला नाही. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून तर त्याने विश्व लिहिलं! २०१२च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं ते आपोआप त्यात येत नाही, नेमका उल्लेख असावा लागतो. म्हणून ते 'भविष्यात शोध लागणाऱ्या'चं जाळं टाकून ठेवलंय. आणि कायमस्वरूपी म्हणजे किती, हिशोब केलाय कधी? माझं उरलेलं आयुष्य आणि मी गेल्यावर आणखी ६० वर्षं. १,८०० रुपयांत! माझ्या नातवाला आजीचा अडकित्ता वापरून गोष्ट करायची असली तर त्याने कंपनीकडे अर्ज करायचा. बरं, हक्क विकले तरी ही गोष्ट माझी आहे असं सांगायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ५७ने लेखकाकडेच ठेवलाय. हे मला कधी कळलं? आत्याचा मेसेज आल्यावर, रात्री दीड वाजता.

दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळेच सही करतात."

सगळेच. म्हणजे कोण? तुम्ही आणि मी. अहो, सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार आला की नौपाड्यात रात्री बारापर्यंत सभा चालतात. कार्पेट एरियातल्या चार फुटांसाठी आपण बिल्डरला घाम फोडतो, कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देणार त्या एकरकमी पैशांच्या, ओळीखाली लाल पेनने रेघा मारतो. आणि स्वतः लिहिलेलं देताना? 'एवढ्या मोठ्या ॲपवर आपली गोष्ट!' म्हणून हुरळून जायचं. मुदत लिहून मागा. माध्यमं मोजून द्या. नाव येणार की नाही ते आधी विचारा. कुणी ६० पैशांना नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी ५० पैशांना धावणं बंद करा, लाज वाटू द्या. मलाही वाटतेय.

आत्याला उत्तर अजून पाठवलेलं नाही. काल तिने दुसरी लिंक पाठवली. तीही माझीच.