एका ओळीच्या कोडने वेबसाइट सुगम्य होत नाही

‘वेबसाइटमध्ये फक्त एक ओळ कोड टाका, ४८ तासांत साइट दिव्यांगांसाठी शंभर टक्के सुगम्य! नाहीतर अफाट खर्च, आणि तोही मूठभर लोकांसाठी.’ हा संदेश बरेच दिवस फिरतोय. माझी मामेबहीण एका संस्थेची वेबसाइट सांभाळते. परवा तिच्या साहेबांनी ‘हेच घेऊन टाकू’ म्हणत तो तिला पाठवला, म्हणून हे लिहितोय.

आधी ती जादूची ओळ. ती टाकली की साइटच्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह येतं, यालाच ‘विजेट’ म्हणतात. त्यावर दाबलं की अक्षरं मोठी करा, रंग गडद करा, हलती चित्रं थांबवा वगैरे बटणं. शिवाय चित्रांची वर्णनं आणि बटणांची नावं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. खालचा कोड मात्र जसा होता तसाच. कीबोर्डवरच्या टॅब बटणाने तारीख निवडायच्या चौकटीत शिरल्यावर बाहेर पडता येत नसेल, तर माउस न वापरू शकणारा माणूस तिथेच अडकतो. आलेखाच्या चित्राला विजेट ‘आलेख’ म्हणेल. त्यात काय दाखवलंय, हे कोण सांगणार? फॉर्ममधली चूक नुसत्या लाल चौकटीने दाखवली असेल, तर ज्याला ती दिसत नाही तो ‘सबमिट’ दाबत बसेल.

पडक्या भिंतीवर डिस्टेंपर मारण्याचाच हा प्रकार. आणि गंमत बघा, दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) संगणक सुरू झाल्यापासून बोलतच असतो. त्याच्याशिवाय तो तुमच्या साइटपर्यंत पोचलाच नसता. अक्षरं मोठी करायची सोय ब्राउझरमध्ये आहेच. वर तुमचं विजेट मधे लुडबुडतं, म्हणून कित्येक जण ते ब्लॉक करून टाकतात! हो, ब्राउझरच्या सेटिंग्ज माहीत नसलेल्या एखाद्याला ते मोठ्या अक्षरांचं बटण उपयोगी पडतही असेल. तेवढं मान्य. पण त्याला ‘शंभर टक्के’ म्हणत नाहीत.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाचं, प्रकरण वाचा. ‘आमचं एआय विजेट कुठलीही वेबसाइट डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय) निकषांत बसवतं’ हा ॲक्सेसिबी कंपनीचा दावा खोटा असल्याचा आरोप आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. कंपनीशी असलेला संबंध दडवून ‘स्वतंत्र’ परीक्षणं छापून आणल्याचाही आरोप होता. तडजोडीत कंपनीला १० लाख डॉलर कबूल करावे लागले, आणि पुराव्याशिवाय असा दावा करायला बंदी आली. म्हणजे आपल्याकडे फिरतोय तो जवळपास हाच दावा.

‘मूठभर लोक’ म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर सहा जणांत एक. त्या सगळ्यांनाच वेबसाइट अडते असं नाही. पण ज्यांना अडते ते पहिल्याच पानावरून परत जातात, आणि मग ‘आमच्याकडे असे कुणी येतच नाहीत’ म्हणायला तुम्ही मोकळे.

खर्चाचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुनी, मोठी, स्कॅन केलेल्या पीडीएफनी भरलेली साइट दुरुस्त करायला पैसा आणि वेळ लागतो, नाकारत नाही. मात्र नवा फॉर्म करतानाच प्रत्येक रकान्याला नीट लेबल द्यायला वेगळं बजेट कशाला? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. माउस बाजूला ठेवून टॅबने साइट फिरून बघायलाही काही पडत नाही.

तेव्हा विजेट विकणारा आला की त्याला साइटवरचा सगळ्यात मोठा फॉर्म विजेट बंद ठेवून, माउसला हात न लावता भरायला सांगा. मग विजेट चालू करून पुन्हा. कुठे अडकतोय ते साहेबांनाच शेजारी बसून बघू दे. आणि विजेटच्या वर्गणीचे पैसे वाचले, तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्याला रीतसर मोबदला देऊन साइट तपासून घ्या.