टर्मिनलवरून टोकन पाठवलं की सुरक्षित? जरा थांबा

एक पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: वॉलेट अ‍ॅप काढून टाका, सोलाना या ब्लॉकचेनवरची टोकनं (डिजिटल नाणी) थेट टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून पाठवा. चावी (टोकनं हलवायला लागणारा गुप्त आकडा) कुणाच्या हाती लागत नाही, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही, पत्ता चुकला तर कमांडच अडते, आणि टोकन घ्यायला नुसता पत्ता दिला की झालं. मी सोलानाचं हे टर्मिनलवरचं टूल रोज वापरतो, म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी चावी. 'सोलाना-कीजेन न्यू' ही नवी चावी बनवणारी कमांड मारली की होम फोल्डरच्या पोटात 'आयडी डॉट जेसन' नावाची फाइल तयार होते. ती एकदा उघडून बघाच. चौकटी कंसात ६४ आकडे, मध्ये स्वल्पविराम, संपलं. पहिले ३२ गुप्त, उरलेले ३२ म्हणजे तुमचा पत्ता. कुलूप नाही की पासवर्ड नाही. "पण मी पासफ्रेज दिली होती!" असं म्हणणारे हमखास भेटतात. ती पासफ्रेज रिकव्हरीच्या शब्दांसाठी (हरवलेली चावी परत मिळवून देणाऱ्या) असते, फाइलसाठी नाही. टूल हे तिथल्या तिथे छापतं, पण एंटर दाबायच्या घाईत वाचतो कोण? फाइल फक्त तुमच्या युजरलाच उघडता येते, हे खरं. पण तुमच्या नावाने चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे तुम्हीच, काल घाईत उतरवलेलं एखादं पॅकेजसुद्धा. रक्कम मोठी असेल तर याच टूलला हार्डवेअर वॉलेट (चावी आतच ठेवणारं वेगळं उपकरण) जोडता येतं. पोस्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

सर्व्हर नाही म्हणे. 'सोलाना कॉन्फिग गेट' मारा, आरपीसी यूआरएल, म्हणजे टूल ज्याच्याशी बोलतं त्याचा वेब-पत्ता, दिसेल. तोच तो सर्व्हर. शिल्लक तोच सांगतो, व्यवहार तोच पुढे पाठवतो, तुमचा आयपी पत्ताही त्यालाच दिसतो.

पत्त्याचा मुद्दा मात्र धोकादायक आहे. बिटकॉइनच्या पत्त्यात चेकसम (टायपिंगची चूक पकडणारा तपासणीचा भाग) असतो. इथेरियमने २०१६ मध्ये लहान-मोठ्या अक्षरांच्या मिश्रणातून तीच सोय केली. सोलानाच्या पत्त्यात असलं काही नाही. मधलं एखादं अक्षर बदललं, तरी उलगडून ३२ बाइट निघाले की टूलच्या लेखी तो पत्ताच. एक अडसर आहे: समोरच्या पत्त्यावर सोल (सोलानाचं स्वतःचं चलन) नसेल तर कमांड थांबते आणि 'अलाव-अनफंडेड-रेसिपियंट' हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) मागते. दुर्दैव असं की लोक तो फ्लॅग स्क्रिप्टमध्ये कायमचा चिकटवून टाकतात. मग चुकलेला पत्ता आणि नवा कोरा पत्ता यांत टूलला फरक उरत नाही. पाठवलेलं परत येत नाही, आणि त्या पत्त्याची चावी बहुधा कुणाकडेच नसते. मी पहिल्यांदा अगदी किरकोळ रक्कम पाठवतो, समोरच्याकडून 'मिळालं' ऐकतो, मगच बाकीची. हळू आहे, पण झोप लागते.

घेण्याचं काय? सोलानावर प्रत्येक प्रकारच्या टोकनासाठी वेगळं टोकन खातं लागतं. साध्या खात्याला १६५ बाइट जागा, आणि त्या जागेपोटी ठेव म्हणून ०.००२ सोलच्या आसपास रक्कम अडकते. ते खातं नसेल तर पाठवणाऱ्याला 'फंड-रेसिपियंट' लावून ही ठेव स्वतःच्या खिशातून भरावी लागते. पुढे खातं बंद केलं की ती मिळते खात्याच्या मालकाला, भरणाऱ्याला नाही. दोघांनी हे आधी बोलून घेतलेलं बरं.

शेकडो जणांना एका दमात टोकनं वाटायची असतील तर टर्मिनलला तोड नाही, हे मी पोस्टवाल्याला देऊन टाकतो. पण 'शिल्लक दिसली म्हणजे टोकन मिळालं' हे त्याचं शेवटचं वाक्य नको. 'एसपीएल-टोकन क्रिएट-टोकन' या एका कमांडने कुणीही नवं टोकन काढतो आणि मागाहून त्याला हवं ते प्रसिद्ध नाव चिकटवतो. 'एसपीएल-टोकन अकाउंट्स' मारल्यावर पहिल्या रकान्यात जो लांबलचक मिंट पत्ता (त्या प्रकारच्या टोकनाची खरी ओळख) येतो, तो टोकन काढणाऱ्याने अधिकृतपणे जाहीर केलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मगच समोरच्याला 'पोचलं' म्हणून कळवा.