‘भात कच्चा, चिकनचा चोथा’: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

रविवारी दुपारी तुम्ही आमचा ब्राऊन राइस चिकन पुलाव मागवलात आणि एक स्टार दिलात. भातात कणी होती, चिकनचा चोथा झाला होता, चव दवाखान्यातल्या जेवणासारखी, तांदूळ बहुतेक रंगवलेला आणि वर 260 रुपये उकळले, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी लिहिलंय की वडिलांना शुगर आहे म्हणून हा डबा मुद्दाम मागवला होता आणि त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. वरचं सगळं वाचताना रागच आला होता, खोटं कशाला बोलू. या वाक्याला तो उतरला.

भात आणि चिकन या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच. आम्ही लांब दाण्याचा हातसडीचा तांदूळ वापरतो. त्याच्यावरचा कोंडा पूर्ण निघालेला नसतो, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. चार तास भिजत घातला तरी शिजायला पस्तीस-चाळीस मिनिटं घेतो. त्या रविवारी सकाळी मी 3 किलो भिजवला होता. एक वाजताच पातेलं संपत आलं, म्हणून आणखी 2 किलो घाईघाईने भिजवला तो जेमतेम पाऊण तास. तुमची ऑर्डर या दुसऱ्या पातेल्यातली.

चिकन आम्ही दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून वेगळं परततो आणि भात नव्वद टक्के झाला की वर पसरून दहा मिनिटं दम देतो. त्या दिवशी झाकण काढून दाणा बोटांत चिरडला, तर मधे पांढरा ठिपका. मग गरम पाणी शिंपडून आणखी वीस मिनिटं ठेवलं, आणि चिकन तोवर आतच. छातीच्या मांसात चरबी नावाला. जास्त वेळ आचेवर राहिलं की धागे आकसतात, पाणी बाहेर टाकतात आणि चावताना कापूस लागतो. लेगपीस असता तर निभावलं असतं. भाताची कणी तरीही गेली नाहीच. तेव्हाच ‘पुलाव संपला’ म्हणून ऑर्डर बंद करायला हव्या होत्या. केल्या नाहीत, ती चूक माझी. पैसे परत केले आहेत. आता तांदूळ शनिवारी रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवते, आणि भिजवलेला संपला की पुलाव संपला.

दाणा थोडा चावावा लागणं मात्र या तांदळाचा स्वभाव आहे, बासमतीसारखा तो तोंडात विरघळणार नाही. काही गिऱ्हाईक म्हणतात, मग हातसडीचा इंद्रायणी घ्या ना. घेऊन पाहिला. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोरापासून तयार झालेला वाण, आंबेमोहोराचा वास आणि चिकटपणा दोन्ही घेऊन आलेला. वरणाबरोबर त्याला तोड नाही, पण पुलावाचा गिचका होतो.

रंगाबद्दल: मूठभर कच्चे दाणे न्यायला दुकानात या, पैसे नकोत. रात्रभर भिजवा. पाणी थोडं गढूळ होईल, त्यात रंग उतरणार नाही. दाण्यांवर कुठे तपकिरी, कुठे फिकट असे पट्टे दिसतील, ते कांडताना पडलेले. या कोंड्यात तेल असतं, म्हणून हा तांदूळ लवकर खवट होतो आणि मी 10 किलोच्या वर आणत नाही. स्वस्त न मिळण्याचं हेही एक कारण. शिवाय डब्यात 130 ग्रॅम कच्चं बोनलेस जातं. शिजल्यावर ते शंभराच्या आसपास भरतं, म्हणून तुम्हाला सहाच तुकडे दिसले.

चवीवर मी अडून बसणार आहे. किलोभर तांदळाला चार मोठे चमचे तेल, त्यात अख्खा मसाला आणि कांदा. पाण्याऐवजी हाडांचा रस्सा, तोही गार करून वरची चरबी काढलेला. तुपाची धार सोडली की चव खुलते, हे मलाही कळतं. पण मग तो आमचा नेहमीचा पुलाव झाला, आणि तो 220 रुपयांत मेन्यूवर आहेच. मीठ कमी वाटलं असेल तर मात्र ऑर्डर देताना सांगा, तेवढं वाढवता येतं.

आता वडिलांचं. आमच्या मेन्यूवर या पदार्थाखाली ‘शुगरवाल्यांना चालतो’ असं लिहिलं होतं. ती ओळ मी काल काढली. हा भातच आहे, यानेही साखर वाढते, पांढऱ्या भातापेक्षा जरा सावकाश, एवढंच. कॅलरी दोन्हींत जवळजवळ सारख्या. फरक तंतूंचा: 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण पावणेदोन ग्रॅम, पांढऱ्यात अर्धा ग्रॅमही नाही. आमच्या डब्यात 300 ग्रॅम भात असतो. एकट्या माणसाला एका वेळी तो जास्तच आहे, शुगर असेल तर नक्कीच. किती खायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ‘चालतो’ हे सांगणारी मी कोण? गिऱ्हाईक वाढावं म्हणून लिहिलं होतं.

कालपासून 150 ग्रॅम भात, चिकन तेवढंच आणि बाजूला काकडी-गाजराची कोशिंबीर असा छोटा डबा सुरू केलाय. वडिलांना पुन्हा चाखून पाहायचा असेल तर रविवारी बाराच्या आत फोन करा, पहिल्या पातेल्यातला बाजूला काढून ठेवते. त्याचे पैसे घेणार नाही.