लँड लॉट

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तोच वाद, गडचिरोलीतल्या सुरजागडच्या खाणीवरून. मामांचं ठरलेलं वाक्य, "आदिवासींनी शिकावं, मुख्य प्रवाहात यावं, मग कोण कशाला हात लावतंय त्यांना." मी राहतो अटलांटाच्या वर, फोर्सिथ काउंटीत (आपली माणसं इथे इतकी झालीयेत की गणपतीला पार्किंग मिळत नाही), म्हटलं मामा, प्रवाहात आलेल्यांचं इथे काय झालं ते ऐका.

चेरोकी म्हणजे इथले मूळचे आदिवासी, ही जमीन त्यांची. त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? नांगर धरले, चरखे घेतले, मिशनऱ्यांच्या शाळेत पोरं घातली. इंग्रजी न येणाऱ्या सिक्वोयाने १८२१ पर्यंत ८५-८६ खुणांची लिपी एकट्याने बसवली, आपल्या बाराखडीसारखी, एका खुणेला अख्खं अक्षर. १८२७ ला राज्यघटना, १८२८ ला न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीतून स्वतःचा पेपर. गोऱ्यांचं बघून श्रीमंत चेरोकींनी गुलामसुद्धा ठेवले, हे कौतुक करणारे हळूच गाळतात.

आणि मग त्यांच्याच भागात, डालोनेगाकडे सोनं सापडलं, झालं. १८३० ला आदिवासींना पश्चिमेकडे हटवायचा कायदा, १८३२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं जॉर्जिया राज्याचा (अटलांटा ज्यात येतं ते) कायदा चेरोकींच्या जमिनीवर चालत नाही, ऐकलं कुणी? १८३५ च्या डिसेंबरात मूठभर चेरोकींनी जमीन सोडायच्या करारावर सह्या केल्या, मुख्य प्रमुख जॉन रॉसची सही नाही, उलट विरोधात १५ हजारांवर सह्या गेल्या, तरी सिनेटमध्ये लागणाऱ्या दोन-तृतीयांशाच्या वर जेमतेम एका मताने करार पास. १८३८ ला सैनिकांनी लोकांना घरातून बाहेर काढलं, सोळाएक हजार लोक आजच्या ओक्लाहोमाकडे, त्यातले चारेक हजार छावण्यांत आणि वाटेत गेले.

शिक्षणाचं मामांचं खोटं नाही, शिकले म्हणूनच कोर्टात तरी गेले. आपल्याकडे मत आहे, पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आहे, वनहक्क कायदा आहे, चेरोकींकडे यातलं काही नव्हतं, त्यामुळे डिट्टो तेच चाललंय असं मी म्हणणार नाही. पण हल्ली खाणीची बातमी आली की मी आधी बघतो, ग्रामसभेचा ठराव आहे का आणि त्यावर सह्या कुणाच्या.

घर घेतलं तेव्हा कागदांवर 'लँड लॉट' म्हणून एक नंबर होता, मला वाटलं सर्व्हे नंबरसारखं काहीतरी. तर १८३२ ला चेरोकी तिथे राहत असतानाच त्यांच्या जमिनीचे चौकोन पाडून लॉटरीत वाटले, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे, तो हा नंबर. ग्रुपवर फोटो टाकला.

मामांचा रिप्लाय आला, "आता काय रेट आहे रे एकरी?"