दुबळं केंद्रच हवं होतं, तर फिलाडेल्फियाला जमले कशाला?

आपल्याकडे केंद्र-राज्य वाद पेटला की अमेरिकेचा एक दाखला हमखास फिरू लागतो. तिथल्या घटनाकारांना म्हणे केंद्र दुबळंच हवं होतं. घटना म्हणजे सार्वभौम राज्यांचा आपसांतला करार. दहाव्या दुरुस्तीने केंद्राचे हात कायमचे बांधले आणि पुढे न्यायालयांनी सगळ्याचा विचका केला.

दुबळ्या केंद्राचा प्रयोग अमेरिकेने आधीच करून पाहिला होता. १७८१ पासून लागू असलेल्या महासंघाच्या कलमांत, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या घटनेत, राज्यांचं सार्वभौमत्व साफ शब्दांत लिहिलेलं होतं. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय कायदेमंडळाला, कर लावता येत नव्हता. तिने राज्यांपुढे हात पसरायचे आणि द्यायचं की नाही ते राज्यांनी ठरवायचं. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडण्यासाठी आयातीवर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव आला, पण त्याला तेराही राज्यांची संमती हवी होती. १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि घोडं अडलं. पुढचा प्रयत्न न्यूयॉर्कने हाणून पाडला. जानेवारी १७८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनिएल शेजबरोबर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसला फौज काही उभी करता आली नाही. राज्याने जी पाठवली तिचा खर्च बॉस्टनच्या धनिक व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून उचलला. त्यानंतर चारच महिन्यांनी नवी घटना लिहिणारी फिलाडेल्फियाची परिषद भरली. हे सगळं पाहून आलेली माणसं केंद्र दुबळं ठेवायला जमली होती?

आता घटनेचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन, कारण या दाव्याची सगळी भिस्त त्याच्यावर. केंद्राचे अधिकार मोजके आणि ठरलेले, राज्यांचे पुष्कळ आणि अमर्याद, हे त्याचं १७८८ चं म्हणणं पुन्हापुन्हा पुढे केलं जातं. तो तसं म्हणाला हे खरंच. पण ते नव्या घटनेबद्दल साशंक असलेल्या न्यूयॉर्ककरांना वळवण्यासाठी वर्तमानपत्रांत चाललेल्या प्रचारमोहिमेतलं. परिषदेच्या बंद दाराआड हाच गृहस्थ राज्यांचे कायदे रद्द करण्याचा नकाराधिकार केंद्रीय कायदेमंडळासाठी मागत होता. १७ जुलै १७८७ रोजी ती मागणी ७ विरुद्ध ३ राज्यांनी फेटाळली. ऑक्टोबरात जेफरसनला लिहिलेल्या लांबलचक पत्रातही त्याची रुखरुख गेलेली नाही. परिषदेतल्याच अलेक्झांडर हॅमिल्टनला तर राज्यांचे गव्हर्नरही केंद्राने नेमलेले हवे होते; त्याच्या मागे कुणी गेलं नाही, हा भाग वेगळा. पण नकाराधिकार पडला म्हणून राज्यं जिंकली असंही नाही. त्याच दिवशी राज्याच्या कायद्यावर केंद्राचा कायदा वरचढ ठरवणारी तरतूद मान्य झाली, आणि घटनेने राज्यांना नाणी पाडायला, कागदी चलन काढायला, परदेशांशी तह करायला मनाई केली.

कराराच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. ज्या राज्याने मान्यता दिली नाही त्याला घटना बंधनकारक नव्हती, आणि मॅडिसननेही तिला अंशतः राष्ट्रीय, अंशतः संघीय म्हटलं. पण मान्यता राज्यांच्या विधिमंडळांकडून न घेता त्यासाठी खास निवडलेल्या परिषदांकडून घेतली, तीही ठरवून; म्हणजे मान्यता राज्य सरकारांची नव्हे, जनतेची.

दहाव्या दुरुस्तीचं काय? केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे, एवढंच ती सांगते. जुन्या कलमांत ‘स्पष्टपणे’ दिलेले, अशी अट होती. ऑगस्ट १७८९ मध्ये दक्षिण कॅरोलिनाचा प्रतिनिधी टकर याने तोच शब्द दुरुस्तीत घालायची सूचना मांडली. मॅडिसनने विरोध केला आणि सभागृहाने ती फेटाळली. घटनेत शब्दशः न लिहिलेले अधिकारही केंद्राला असू शकतात, हे सांगताना १८१९ मध्ये सरन्यायाधीश मार्शलने गाळलेल्या याच शब्दावर बोट ठेवलं.

खरं तर हा अख्खा दावा घटनेच्या विरोधकांचा आहे. राज्यांच्या बाजूने पॅट्रिक हेन्री आणि जॉर्ज मेसन प्राणपणाने भांडले. व्हर्जिनियात घटनेला मान्यता देण्याच्या मतदानात ८९ विरुद्ध ७९ असे थोडक्यात हरले. हक्कांची सनद, म्हणजे घटनेतल्या पहिल्या दहा दुरुस्त्या, आली ती त्यांच्या पक्षाच्या रेट्यामुळे, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांना घटनाकारांच्या खुर्चीत कसं बसवणार?

राहिली न्यायालयं. १७९८ मध्ये व्हर्जिनिया आणि केंटकी यांनी केंद्राचे कायदे घटनाबाह्य ठरवणारे ठराव केले. व्हर्जिनियाचा मसुदा तोवर बाजू बदललेल्या मॅडिसनचाच. त्यावर न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मॉंट या राज्यांनीच उलट कळवलं की हा निवाडा करणं विधिमंडळांचं नव्हे, न्यायालयांचं काम आहे.