पीपीसी सिमेंटमधील राख ही भेसळ नव्हे

घरकुलाचे बांधकाम काढलेल्या गावकऱ्यांमध्ये असा संदेश फिरत आहे की, पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्राची राख असते, म्हणून ते भेसळीचे समजावे. राख असते हे खरे. भारतीय मानकानुसार तिचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असू शकते. मात्र कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या केंद्रांतून निघणारी ही बारीक राख, सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून नवा बंधक पदार्थ तयार करते, त्यामुळे काँक्रीट कालांतराने अधिक घट्ट होते. (चुलीतली राख कालवून हे साधत नाही.) सुरुवातीची मजबुती तेवढी सावकाश येते, म्हणून स्लॅबची तराई (पाणी मारून ओला ठेवणे) किमान १० दिवस, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात शक्यतो १४ दिवस करावी. खरेदी करताना पिशवीवर आयएस १४८९ हा पीपीसीचा भारतीय मानक क्रमांक पाहावा.